दिवाळीत माणसं गावाला, दुकान चालू: नाशिकच्या नव्या दुकानदारासाठी

नवं दुकान टाकलेला माणूस पहिल्या दिवाळीची तयारी मालापासून सुरू करतो. किती पेट्या मागवायच्या, उधारी किती दिवसांची मिळेल, लायटिंग कुठून आणायचं. माणसांचा विचार धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी डोक्यात येतो. तोवर वस्तादाचं, म्हणजे मुख्य कारागिराचं, रेल्वेचं तिकीट निघालेलं असतं, काउंटरवरच्या ताईंचं माहेरी जायचं ठरलेलं असतं आणि पेठकडचा पोरगा एसटीत बसलेला असतो. मग शेठ चिडतो, "ऐन सीझनला सगळे पळाले!"

सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं, शेठनं विचारलं नव्हतं एवढंच. आजारपणाची रजा अचानक येते, सणाची येत नाही. तिची तारीख कालनिर्णयात वर्षभर आधी छापलेली असते. त्यामुळे खालचं सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं: रजा किती द्यायच्या यावर घासाघीस करण्यापेक्षा त्या कधी पडणार हे लवकर कळून घ्यायचं, आणि मग दुकान त्या मापाचं करायचं.

हे तीन ते दहा-बारा माणसं कामाला असलेल्यांसाठी आहे. किराणा, कपडे, भांडी, फरसाण-मिठाई, मेडिकल, छोटं हॉटेल, अंबड-सातपूरमधलं लहान वर्कशॉप. उदाहरणाला २०२६ ची दिवाळी घेतो. वसुबारस ५ नोव्हेंबर, धनत्रयोदशी ६, लक्ष्मीपूजन रविवारी ८, पाडवा १०, भाऊबीज ११ आणि छठ १५ नोव्हेंबरला. या वर्षी ज्येष्ठ अधिक आल्यामुळे सगळे सण पुढे सरकले आहेत, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखा डोक्यात ठेवून काही ठरवू नका.

पायरी १: कोण कुठला, हे लिहून काढा

साधी वही घ्या. प्रत्येक माणसापुढे चार गोष्टी लिहा: गाव कुठलं, घरचा सगळ्यात मोठा सण कोणता, जायला वाहन कोणतं, आणि नेहमी किती दिवस लागतात. नाशिकमध्ये ही वही फार महत्त्वाची, कारण इथे एकाच काउंटरवर चार मुलखांची माणसं उभी असतात आणि त्यांची पंचांगं वेगळी असतात.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या आदिवासी घरांत दिवाळी वाघबारशीला सुरू होते. म्हणजे आपली वसुबारस, तोच दिवस. दुकानात गर्दी चढायला लागते तेव्हा त्याच्या गावात सण लागलेला असतो. होळी त्याच्यासाठी दिवाळीच्या तोडीची, बऱ्याच गावांत वरचढ. आणि आषाढात भाताची आवणी, म्हणजे लावणी, असते. घरची शेती असेल तर त्या दिवसांत तो शहरात थांबणार नाही, आणि थांबवायचा प्रयत्नही करू नका. चार पैसे वाढवून देण्यानं हा प्रश्न सुटत नाही.

सिडको, सातपूर, अंबडमध्ये खानदेशातली आणि कसमादेतली (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) घरं भरपूर. त्यांच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाई देवी बसते. काउंटरवरच्या ताई दिवाळीत एका दिवसावर भागवतील, पण आखाजीला हक्कानं रजा मागतील. उत्तर प्रदेश आणि बिहारकडच्या कारागिरांना छठ आणि होळी. छठ लक्ष्मीपूजनानंतर सहा-सात दिवसांनी येते, म्हणून जो दिवाळीला निघाला तो छठ करूनच परतणार, हे धरून चाला. सराफ बाजारातले बंगाली कारागीर दुर्गापूजेला जातात, त्यामुळे सोनाराची ओढाताण दिवाळीच्या बरीच आधी, नवरात्राच्या शेवटी सुरू होते. नवरात्रात वणीच्या गडावर चालत जाणाऱ्यांची दोन-तीन दिवसांची रजा वेगळीच. मुसलमान कामगारांच्या दोन्ही ईद दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतात, त्या दर वर्षी नव्यानं लिहाव्या लागतात.

आडनावावरून अंदाज बांधू नका, विचारा. शिंदे आडनावाचा माणूस दिवाळीला कुठेच जात नसेल, पण गावच्या यात्रेला चार दिवस हवे असतील. "तुमची काय दिवाळी नसते, तुम्ही थांबा" हे तर कुणालाच म्हणू नका. तो माणूस थांबेलही, पण मनातून उतरलात.

पायरी २: गणपती बसायच्या आधी विचारा

ही पायरी सगळ्यात मोलाची आहे, म्हणून जरा सविस्तर.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. तुमचा वस्ताद ४ नोव्हेंबरला नाशिकरोडहून निघणार असेल, तर त्याचं तिकीट ५ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता खुलं होतं. गणपती बसणार १४ सप्टेंबरला. म्हणजे बाप्पा यायच्या आधी वस्तादाची दिवाळी पक्की झालेली असते. काशी, कामायनी, पवन या गाड्यांना सणात किती मारामारी असते ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्या दिवशी त्यानं तिकीट काढलं, त्याच दिवशी तुमचं वेळापत्रक ठरलं. फरक एवढाच की तुम्हाला ते ऑक्टोबरच्या शेवटी कळतं.

म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एकेकाला बाजूला घेऊन बोला. सगळ्यांसमोर नको, तिथे कुणी खरं सांगत नाही. "जाणार का?" असं विचारलं की "बघू शेठ" हे उत्तर येतं. "कधी निघणार?" असं विचारा. बोलणं साधारण असं व्हावं:

"वस्ताद, यंदा घरी दिवाळी धरायची की छठ?"

"छठ चुकवता येत नाही शेठ, आई उपास धरते. दिवाळीचं तुम्ही म्हणाल तसं."

"मग लक्ष्मीपूजन इथे करा, ९ ला निघा. तिकिटाचं मी बघतो. परतीचंही काढून टाकू."

९ नोव्हेंबरचं तिकीट १० सप्टेंबरला खुलं होतं. गोरखपूरकडे दीड दिवस धरला तरी तो ११ ला घरी. छठचं नहाय-खाय १३ ला. त्याचा सण सांभाळला गेला, तुमचा सीझनही. हे सप्टेंबरमध्ये जमतं. ऑक्टोबरच्या शेवटी जमत नाही, कारण तेव्हा ९ तारखेचं तिकीटच नसतं आणि ४ चं त्याच्या खिशात असतं.

परतीच्या तिकिटावर जोर देतोय त्याला कारण आहे. छठनंतर तिकडून येणाऱ्या गाड्या खच्चून भरलेल्या असतात. "वेटिंग क्लिअर झालं नाही" हे कारण बहुतेक वेळा खरंच असतं. १८ नोव्हेंबरला परत निघायचं असेल तर १९ सप्टेंबरला सकाळी तिकीट काढायला बसा. एका माणसामागे कॅलेंडरवर दोन खुणा झाल्या. आधार जोडलेलं आयआरसीटीसीचं खातं आधी तयार ठेवा, आठ वाजता पासवर्ड शोधत बसू नका. माझं मत विचाराल तर परतीचं भाडं दुकानानं भरावं. दिवाळीची भेट म्हणून मिक्सर किंवा डिनर सेट देण्यापेक्षा त्याला त्याचा जास्त उपयोग, आणि तुम्हालाही.

एसटीनं जाणाऱ्यांना हा व्याप नाही, पण सणात सीबीएस बसस्टँडवरची गर्दी बघता "संध्याकाळी दुकान बंद करून निघ" हे बोलायला सोपं आहे. लांबच्या गावाच्या माणसाला दुपारी सोडा.

पायरी ३: दुकान किती चालवायचं ते ठरवा

बहुतेकजण इथे उलटं करतात. दुकान नेहमीसारखं चालणारच असं धरून माणसं शोधतात. आधी ठरवा की त्या दहा-बारा दिवसांत काय करायचंच नाही.

होम डिलिव्हरी सगळ्यात आधी बंद करता येते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मेन रोड, रविवार कारंजा, शालिमारकडून दुचाकी काढायची म्हणजे पोराची एक फेरी तासाची. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर आधी घ्या, पिशवी बांधून ठेवा, गिऱ्हाइकाला वेळ देऊन बोलवा. कपड्यांच्या दुकानानं आल्टरेशन एका तारखेनंतर घेऊ नये, तशी पाटी लावावी. हॉटेलानं मेनू अर्धा करावा. मिसळ, वडा, चहा यावर आठवडा निघतो.

पाडवा आणि भाऊबीज या दोन दिवसांबद्दल माझं मत ठाम आहे: मिठाई, फुलं, मेडिकल आणि खाण्याच्या धंद्यावाचून बाकीच्यांनी निदान भाऊबीज पूर्ण बंद ठेवावी. बायकांना माहेरी जायचं असतं किंवा भाऊ घरी येणार असतो. त्या दिवशी जबरदस्तीनं उभं केलेलं माणूस दुकानात असून नसल्यासारखं. गल्ल्यात जेवढं येतं, त्याहून जास्त पुढच्या महिन्यात रुसव्यात जातं.

तुमची माणसं जातात तशी दुसऱ्यांचीही जातात हे विसरू नका. अंबड-सातपूरचे कारखाने आठवडाभर थंड असतात, बाजार समित्यांमधले लिलाव काही दिवस बंद राहतात, ट्रान्सपोर्टला हमाल नसतात, ड्रायव्हर गावाला. पॅकिंगचे खोके, पिशव्या, बिलाचे रोल यांसारखा किरकोळ माल वसुबारशीच्या आत दुकानात पडलेला हवा. सुट्टे पैसेही. बँका बंद असतात तेव्हा गल्ल्यात दहा-वीसच्या नोटा नसल्या की जी काही माणसं हजर आहेत, त्यातलं एक सुट्ट्यासाठी पळत राहतं.

मेडिकलवाल्यांचं वेगळं आहे. नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हजेरीशिवाय प्रिस्क्रिप्शनची औषधं देता येत नाहीत. मालक स्वतः फार्मासिस्ट नसेल तर काउंटरला पोरं कितीही असोत, फार्मासिस्टची रजा म्हणजे शटर खाली. शेजारच्या दोन मेडिकलवाल्यांशी बोलून तुम्ही पाडव्याला, ते भाऊबीजेला असं वाटून घ्या आणि दारावर तशी पाटी लावा. वर्कशॉपवाल्यांना सगळ्यात सोपं: सगळे एकदम बंद, सगळे एकदम सुरू. त्यांनी फक्त गिऱ्हाइकाला डिस्पॅचची तारीख सप्टेंबरमध्येच कळवावी.

पायरी ४: तक्ता मांडा

समजा, गंगापूर रोडला तुमचं फरसाण-मिठाईचं दुकान आहे. सात माणसं. गोरखपूरकडचा वस्ताद आणि त्याचा भाचा, काउंटरला दोन ताई, गल्ल्यावर पंचवटीतले काका, सुरगाण्याचा डिलिव्हरी बॉय, आणि जुन्या नाशकातला मदतनीस सलीम.

भाचा ४ ला निघतो, वस्ताद ९ ला. म्हणजे ४ नंतर कढईवर एकच हात. म्हणून चिवडा, शेव, शंकरपाळी, चकली हा टिकणारा माल ३ तारखेपर्यंत तयार करून ठेवायचा. ४ ते ८ या दिवसांत वस्तादानं फक्त ताजं करायचं, आणि तेही दोन-तीन प्रकार. पेढा, बर्फी, फार तर काजूकतली. बंगाली मिठाई यंदा नाही. गिऱ्हाईक विचारेल, दोन दिवस विचारेल. मग पेढे घेईल.

डिलिव्हरी बॉय ४ च्या दुपारपासून नाही. ४ पासून डिलिव्हरी बंद, हे २५ ऑक्टोबरपासून प्रत्येक बिलावर शिक्का मारून सांगायचं. दोन्ही ताईंना ११ ला सुट्टी. पाडव्याला एक येईल, दुसरी नाही. कोण येणार ते त्यांनीच आपसांत ठरवावं. तुम्ही ठरवलंत की एक नाराज होणारच. भाऊबीजेला सकाळी आठ ते एक दुकान उघडं, कारण ओवाळणीला मिठाई त्याच वेळात जाते. काका, सलीम आणि मालकाच्या घरचं एक माणूस. एक वाजता शटर.

सलीम सगळे दिवस थांबतोय. त्याला मार्चमधल्या ईदचे किती दिवस देणार ते आत्ताच वहीत लिहा, त्याच्यासमोर. तोंडी आश्वासन मार्चपर्यंत टिकत नाही.

असा तक्ता कागदावर काढून १ ऑक्टोबरला आतल्या भिंतीवर लावा. भिंतीवर लागलेली रजा कुणी सहसा बदलायला येत नाही. आणि कुणी आलंच, तर कुणाशी अदलाबदल करणार ते विचारूनच या, असं सांगता येतं.

पायरी ५: बदली माणूस शोधताना

नाक्यावरून रोजानं माणूस आणू, असं नवखे धरून चालतात. नाशिक जिल्ह्यात ऑक्टोबरला द्राक्षाची गोड्या बहाराची छाटणी असते. निफाड, दिंडोरीच्या बागा मजूर खेचून घेतात, आणि बागेतली मजुरी दुकानातल्या हमालीला परवडत नाही. पाठोपाठ दिवाळीला तेही आपापल्या पाड्यावर जातात. ऐन वेळी नाक्यावर माणूस मिळालं तरी ते ओझी उचलायला. काउंटरला नाही.

त्यापेक्षा जुनी माणसं आठवा. लग्न होऊन काम सोडलेली, दुसरीकडे गेलेली पण चांगल्या मनानं गेलेली. त्यांना दुकान माहीत असतं, भाव माहीत असतात. संध्याकाळचे चार तास, सहा दिवस, एवढंच मागितलं तर पुष्कळजणी येतात. कॉलेजची पोरं चांगली, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्र परीक्षांचं वेळापत्रक आधी हातात मागा. मुक्त विद्यापीठात शिकणारी, नोकरीची सवय असलेली मुलं जास्त भरवशाची वाटतात, असा माझा कल आहे.

घरच्यांना उभं करणं फुकट नसतं. बायकोनं फराळ करायचा, पाहुणे बघायचे, तिचीही भाऊबीज असते, आणि वर संध्याकाळी गल्ला. तक्त्यात तिचंही नाव लिहा, तिची रजाही लिहा आणि तिच्या तासांचे पैसे वेगळे काढा.

कामगार कधी कधी धाकट्या भावाला बदली म्हणून पाठवतो. वय बघा. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, आणि अठराच्या आतल्याला कढईजवळ किंवा मशीनवर उभं करायचं नाही. नवीन माणसाला, मग वय काहीही असो, गरम तेल, स्लायसर आणि गॅसची टाकी यांपासून लांब ठेवा. आधारची प्रत आणि घरचा एक फोन नंबर पहिल्याच दिवशी घ्या.

पायरी ६: पितृपक्षात शिकवून घ्या

२७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर पितृपक्ष. कपडे, भांडी, सोनं, इलेक्ट्रॉनिक्स, सगळीकडे शांतता. हेच शिकवायचे दिवस. दुकानातलं प्रत्येक काम किमान दोघांना आलं पाहिजे, एवढाच नियम. काकांना सॉफ्टवेअरमध्ये बिल रद्द करता येतं, दुसऱ्या कुणाला येतं का? काटा कोण सेट करतं? इन्व्हर्टर कुठून चालू होतो? शटरची दुसरी किल्ली कुणाकडे? एकेक काम घ्या आणि नेहमीच्या माणसाला त्या दिवशी मुद्दाम दुसरीकडे बसवा. पुरवठादारांचे नंबर, पासवर्ड, मालाचे भाव एका कागदावर लिहून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. पासवर्ड मात्र सगळ्यांच्या नजरेस पडेल असा नको.

पंचवटीत, रामकुंडाच्या आसपास दुकान असेल तर हे सगळं उलटं. श्राद्धासाठी बाहेरगावची माणसं येतात, तेव्हा पूजासाहित्य, लॉज आणि खाणावळींचा पितृपक्ष हाच हंगाम. त्यांनी शिकवणी गणपतीच्या आधी उरकावी.

पायरी ७: पैशाचं बोलणं

बोनस कायद्यानं वीस किंवा जास्त माणसं असलेल्यांना लागतो, किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण एक पगार. तुमच्याकडे सात माणसं असतील तर तो कायदा कदाचित लागू नाही, पण माणसं एका पगाराच्या अपेक्षेनं बसलेली असतात, हे विसरू नका. जो काही आकडा असेल तो दसऱ्याला सांगा आणि धनत्रयोदशीच्या आधी हातात द्या. निघणाऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी. स्टेशनवर जाताना मोजून देण्यात शोभा नाही.

पगार किंवा बोनसचा अर्धा भाग "परत आल्यावर देतो" म्हणून अडकवून ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे. मला ती पटत नाही. केलेल्या कामाचा पैसा त्याचा असतो, आणि अडकवलेल्या पैशासाठी परत आलेला माणूस पैसे मिळाल्यावर आठवड्यानं जातो. त्याऐवजी वेगळी, आधीच जाहीर केलेली रक्कम ठेवा: ठरलेल्या तारखेला जो हजर, त्याला एवढे. आला तर मिळाले, नाही तर नाही. त्यात कुणाचं काही कापलं जात नाही.

उचल मागायला सगळे दसऱ्यानंतर येतात. मर्यादा आधी ठरवा, सगळ्यांना एकच. वहीत सही घ्या आणि दर महिन्याला किती कापणार ते तिथेच लिहा.

जे थांबतात त्यांचं जास्तीचं काम मोजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. सणाच्या आठ पगारी सुट्ट्याही आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार, ज्या मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. दुकान सातही दिवस उघडं ठेवता येतं, प्रत्येक माणसाला मात्र आठवड्यातून एक सुट्टी द्यावीच लागते. तुमची कामगारसंख्या कमी असल्यामुळे कायदा पूर्ण लागू होत नसेल तर ते सल्लागाराकडून तपासून घ्या, पण हिशेब याच रीतीनं धरला तर वाद उरत नाही. त्या चार सुट्ट्या डिसेंबरमध्ये सगळ्यांना बसवून ठरवा. कुणाची आखाजी, कुणाची छठ, कुणाची ईद, त्याच वेळी समोर येते.

रात्री साडेनऊनंतर बायकांना थांबवायचं असेल तर त्यांची संमती आणि घरी पोचवायची सोय, दोन्ही तुमच्याकडे लागते. सिटीलिंकची शेवटची बस पकडा म्हणून सांगू नका. रिक्षा ठरवून द्या आणि घरी पोचल्याचा फोन घ्या.

पायरी ८: ऐन दिवशी कुणी आलंच नाही तर

होणारच. ताप येतो, पोर पडतं, गावाकडून फोन येतो. नियम एकच ठेवा: दुकान उघडायच्या दोन तास आधी फोन करायचा, मेसेज नाही, आणि तो एका ठरलेल्या माणसालाच. कारण खरं की खोटं याची उलटतपासणी त्या सकाळी करू नका. त्यानं माणूस येत नाही आणि तुमचा अर्धा तास जातो. ग्रुपवर नाव घेऊन बोलणं तर अजिबात नको.

कमी माणसांत काय आधी सोडायचं याचा क्रम आधीच लिहून ठेवा. फरसाणच्या दुकानात माझा क्रम असा राहील: आधी सुटं वजन बंद, फक्त पाव किलो, अर्धा किलोची तयार पाकिटं. मग फोनवरच्या ऑर्डर बंद. मग अर्धं शटर आणि आत एका वेळी पाचजण. गल्ल्यावरचं माणूस शेवटपर्यंत हलवायचं नाही. तिथे नवखा बसला की संध्याकाळी हिशेब लागत नाही.

राखीव एक माणूस ठेवा. ६ ते ८ नोव्हेंबर, तीनच दिवस. बोलावलं नाही तरी अर्धा रोज द्यायचा. खर्च वाटतो, पण ६ च्या संध्याकाळी तो पैसा वसूल होतो.

पायरी ९: परतीचे दिवस

लॉज, हॉटेल आणि प्रवासी गाड्यांच्या धंद्यात नवीन असाल तर हे नीट वाचा. तुमची गर्दी लक्ष्मीपूजनानंतर सुरू होते. सुट्ट्यांत मुंबई आणि गुजरातकडची कुटुंबं नाशिक, त्र्यंबक, शिर्डी करत येतात, आणि नेमके तेव्हाच वेटर, आचारी, रूमबॉय गावाला असतात. तुमच्यासाठी निघायच्या तारखेपेक्षा परतायची तारीख महत्त्वाची. शक्य असेल तर अर्ध्या माणसांना दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरमध्येच घरी पाठवा आणि ७ नोव्हेंबरपर्यंत परत बोलवा. सगळे तयार होत नाहीत. ज्यांची मुलं लहान आहेत ते तर नाहीच. पण दोघे-तिघे मिळतात.

बाकीच्यांनी १२ ते २२ नोव्हेंबर हे दिवस हलके ठेवावेत. स्टॉक मोजणी, रंगरंगोटी, नवीन रॅक अशी कामं या दिवसांत काढू नका, हात कमी असतात. जे थांबले होते त्यांची बदली रजा तुळशीच्या लग्नानंतर लगेच द्या, तारीख घालून. परतलेल्याला पहिल्या दिवशी "उशीर झाला" ने सुरुवात करू नका. चहा मागवा, घरचं विचारा, मग तारखेचं बोला. जो ठरल्याप्रमाणे परतला त्याचं नाव वहीत वेगळ्या शाईनं लिहा. पुढच्या वर्षी रजा निवडायचा पहिला मान त्याचा.

पुढच्या वर्षाचं एक काम मात्र या दिवाळीच्या आधीच सुरू होतं. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, दिवाळीच्या आठवडाभर आधी. पंचवटी आणि त्र्यंबकमधल्या दुकानदारांनी त्या दिवशीचा बंदोबस्त धरूनच माल आणि माणसं आणावीत. २०२७ मध्ये अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला, त्र्यंबकला तिसरं १२ ला. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी गावठाणातले रस्ते बंद होते. तेव्हा माणूस रजेवर नसला तरी दुकानापर्यंत पोचेल याची खात्री नाही. म्हणून वहीत पाचवा रकाना आत्ताच आखा: कोण गोदावरीच्या कुठल्या काठाला राहतं, आणि पूल बंद असेल तर चालत येण्याजोगं अंतर आहे का.